नेमप्लेट

एमआयडीसीत, डाळमिलच्या पाठीमागे
बावीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मरला नाव देतो आहे.
वाइंडिंग सुरेखाताईंचं, तेल नशीर तडवीचं,
मी शेवटचा. पत्र्याचा तुकडा, पॅन्टोग्राफ, चार रिव्हेट.
केव्हीए किती, तेल किती लिटर, वजन, साल.
पट्टी बसली की मग क्रेन हलते.

इतकी वर्षं माल जायचा तो जवळच:
पारोळा, साक्री, शहादा, फार तर नगर.
लग्नाला जाताना रस्त्यात डीपी दिसला
की बायको म्हणायची, बघा, तुमचा आहे का.
मी जीपमधून मान बाहेर काढायचो.

दिवाळीनंतर अत्तरदे साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला.
नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका. तीन टाचण्या.
आणि आम्हाला पेढे.

पहिली ऑर्डर जुम्ल्याची. ड्रॉइंगवर एक ओळ नवी:
समुद्रसपाटीपासून उंची, अडीच हजार मीटर.
तडवी म्हणाला, वर हवा पातळ असते,
ठिणगीला उडी सोपी पडते,
म्हणून बुशिंगची मान लांब केलीय.
मे महिना. शेडमध्ये सेहेचाळीस.
टेस्ट बेडवर तो घुमत उभा, बर्फात जायचा.
मी चढलेलं सगळ्यात उंच ठिकाण तोरणमाळ.
तिथंही मला स्वेटर लागलं होतं.

लिपी आपलीच, त्यामुळे मी निर्धास्त.
'सावधान' तसंच. 'खतरा' तसाच.
खाली कंपनीचं नाव, आणि गाव: जळगाव.
नमुना गेला. आठ दिवसांनी
मृणाली बऱ्हाटे एक्स्पोर्टमधून धावत आली,
काका, ते विचारताहेत, गावाच्या नावातलं
मधलं अक्षर कुठलं?
चुकून पडलं असेल तर दुरुस्त करा म्हणतात.

ळ.
सुई त्यात दोनदा वळते.
दोन्हीकडचे गोल सारखे यायला
मला दोन वर्षं लागली होती.
अगं, याच्याशिवाय भुसावळला गाडी थांबणार नाही,
अमळनेर, चाळीसगाव, धुळे, सगळी पुसली जातील,
केळी मागता येणार नाहीत बाजारात,
मी तावातावाने सांगत होतो
आणि मध्येच थांबलो.

माझी आई जन्मभर जयगाव म्हणाली.
केयी म्हणाली. डोया म्हणाली.
ळ मला शाळेत मिळाला,
तिसरीत, पट्टी खाऊन.

साहेब म्हणाले, गिऱ्हाईक म्हणेल तसं.
ल टाकला. सोळा पट्ट्या. जलगाउँ.
वाईट दिसत नव्हतं, खरं सांगायचं तर.
फक्त कुणी दुसऱ्याच्याच गावचा पत्ता
आपल्या हाताने लिहून द्यावा, तसं.

ढाक्याची पट्टी म्हणजे मला नुसतं चित्र.
ट्रेसिंग लावून गिरवली,
कुठलं अक्षर कुठे संपतं ते न कळता.
एका ओळीपाशी मृणालीला विचारलं, इथे काय?
पन्नास हर्ट्झ, काका.
म्हणजे घुमणं तेच.

कोलंबोचा कागद श्रावणात आला.
सगळी अक्षरं गोल, वाटीत वाट्या ठेवल्यासारखी.
तळाला लाल शाईत तिकडच्या माणसाची टीप,
मृणालीने मराठी करून सांगितली:
तुमच्या गावाचं मधलं अक्षर
आमच्याकडे आहे. तेच घातलंय. चालेल ना?

मी चष्मा पुसून पाहिलं.
आमच्या ळसारखं ते अजिबात दिसत नाही.
गुंडाळून झोपलेलं काहीतरी.
सुई लावली. वळणावर जरा हलकी धरली,
पुन्हा तिसरीत गेल्यासारखी.

आई असती तर म्हणाली असती,
काय लिव्हतो रे भाऊ एवढा वाकीसन?
जयगाव, मी म्हणालो असतो.

तडवीने बाहेरून हाक मारली, झालं का,
क्रेनवाला खोळंबलाय.